सेवेतला खंड

स्लिव्हेनच्या रोजगार कचेरीत चार नंबरची खिडकी माझी.
इथला वारा निळ्या खडकांवरून उतरतो तो थेट फायलींत शिरतो,
म्हणून गठ्ठ्यावर मी एक लाकडी बाबीन ठेवते.
लोकर गिरणीतली. आईनं शेवटच्या दिवशी
पिशवीत टाकून आणलेली.
लोक म्हणतात आई निवृत्त झाली.
खरं तर आधी गिरणीच निवृत्त झाली.

सकाळी स्तानिमिरा आली. वय चौतीस.
रंगशाळेतला अनुभव, दोन परक्या भाषा,
आणि अर्जाच्या मधोमध पाच वर्षांची पांढरी पट्टी,
भिंतीवरून तसबीर काढल्यावर उरते तशी.
या काळात आपण काय करत होता? असा छापील प्रश्न.
मी तो वाचला नाही, नुसतं त्यावर बोट ठेवलं.
"झोपत नव्हते," ती म्हणाली.
रकान्यात मी लिहिलं, खंड.

कारखान्याला फोन लावला.
"मुलं किती?"
दोन. सहाचा आणि तीनची.
"म्हणजे तापबिप येणार. बघू."

दुपारी कालोयान आला. त्याच दोन मुलांचा बाप.
तोच फोन, पलीकडे तोच माणूस.
"मुलं किती?"
दोन.
"मग हा टिकेल. उद्यापासून पाठवा,
रात्रपाळी जास्त देऊ, घर चालवायचंय त्याला."
माझा हात शिक्क्यावर होता. मी शिक्का मारला.
त्याची फायल अखंड. सौभाग्यवतीच्या आधी लावतात तो शब्द.

पण तो उठला नाही.
टोपी गुडघ्यावर फिरवत म्हणाला, धाकटी झाली तेव्हा
मी रजा मागितली होती. कायद्यात आहे ना?
आहे.
मुकादम म्हणाला, दूध येतं का तुला?
सगळी पाळी हसली. मीही हसलो.
मग जरा थांबून,
संध्याकाळी सहाला घरी जाता येईल असं काही आहे का?
मी पूर्ण यादी खालपर्यंत पाहिली.
नव्हतं.

माझ्या आईच्या सेवापुस्तकात एका दिवसाचाही खंड नाही.
एकोणतीस वर्षं. तिच्या छातीवर बिल्ला, गिरणीच्या फाटकावर तिचा फोटो.
सोमवारी पहाटे ती मला साप्ताहिक पाळणाघरात पोचवायची,
शुक्रवारी संध्याकाळी परत न्यायची.
माझ्या बनियनवर लाल दोऱ्यानं शिवलेला आकडा, एकोणीस.
वडिलांच्या पुस्तकातही खंड नव्हता,
पण त्यांना त्याबद्दल कुणी बिल्ला दिला नाही, आणि कुणी विचारलंही नाही.
समानता रोज आईबरोबर जिना चढायची
आणि पायपुसण्यावर थांबायची. आत सूप तिलाच करायचं असे.
तिचा खंड गेला कुठे म्हणाल तर
तो माझ्याकडे आला.
मंगळवार, बुधवार, गुरुवार.

चार वाजता कारखान्याचा उलट फोन.
स्तानिमिराला घेतील. इटालियन कोटांची शिलाई,
पाळी सातला सुटते.
बालवाडी सहाला बंद होते.
तो एक तास कुठल्याच कायद्यात बसत नाही.
मी तिला विचारलं, तुझी आई?
"बारीमध्ये आहे," ती म्हणाली. "एका म्हातारीला सांभाळते.
रविवारी व्हिडिओवर दिसते, मागे त्या म्हातारीची खोकला."
आणि सासू?
"ती लार्नाकात. तिथली म्हातारी तरी कमी खोकते."
आम्ही दोघी हसलो. काउंटरवरचं पेन मात्र तिनं उचललं नाही.
उद्या सांगते म्हणाली.

खिडकी बंद करताना वाऱ्यानं गठ्ठा हलवला,
बाबीन घरंगळली, टेबलाखाली गेली.
गुडघ्यांवर बसून शोधली.
तिच्यावर अजून थोडं सूत आहे, फिकट निळं.
एकदा आईला विचारलं होतं, हे कशाचं गं?
तिनं चष्मा लावून पाहिलं.
लहान मुलांच्या कोटांचं, म्हणाली.
सगळा माल बाहेर जायचा.